तुकोबांच्या वाटेवरचा ख्रिस्तभक्त

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची मराठी वाचकाने सोयीची वाटणी करून टाकली आहे. शाळेच्या पुस्तकांनी त्यांच्यातला ‘फुलामुलांचा कवी’ तेवढा ठेवून घेतला आणि नावाआधीचे ‘रेव्हरंड’ हे रावसाहेब-रावबहादूर यांच्यासारखे एखादे जुने बिरुद असावे तसे वाचले. ख्रिस्ती मंडळ्यांनी त्यांची गीते ठेवून घेतली. दर रविवारी पेटी-तबल्यावर ती मनापासून म्हटली जातात. पण ती लिहिणाऱ्याने आयुष्याच्या शेवटी मिशनचा पगार आणि मिशनची चौकट दोन्ही का सोडली, हा प्रश्न उपासना संपल्यावर कोणी काढत नाही. एका घराला त्यांचा विश्वास अडचणीचा वाटतो, दुसऱ्याला त्यांचे भांडण. माझ्या मते टिळकांचा विश्वास आणि त्यांचे मराठीपण यांची अशी फाळणी होतच नाही. ती केली की हाती उरतो तो एक गोड, निरुपद्रवी कवी, आणि टिळक निरुपद्रवी तर मुळीच नव्हते.

हे सांगायला मी बारामती-इंदापूरचा मुलूख निवडतो आहे, तेव्हा पहिला आक्षेप रास्तच असेल. टिळक इकडचे नव्हेत. जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. शिक्षण नाशकात, नोकऱ्या जिथे मिळतील तिथे, संसाराची खरी वर्षे अहमदनगरात (आता अहिल्यानगर), शेवट साताऱ्याच्या आश्रमानंतर मुंबईत. पण आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते स्वतः सांगत. तुकोबांची वाट पाहायची असेल तर ती दर आषाढात आमच्या दारावरून जाते. यवत, चौफुला, वरवंड, पाटस, रोटीचा घाट, उंडवडी, बारामती. मग काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीला नीरा ओलांडून पुढे अकलूज. पुलाबद्दल बोलायचे तर निदान त्याच्या खालची जमीन तरी पाहावी.

काटेवाडीत पालखी येते तेव्हा परीट समाजाची मंडळी तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतात. मग धनगर आपल्या मेंढ्या पालखीभोवती पळवतात. एकाला एक चिकटलेली ती ओली लोकर, खुरांचा तो दबका आवाज, मध्ये तुकोबांच्या पादुका आणि कळप फुटू नये म्हणून कडेने धावणारी पोरे. भाषण नाही, आरतीची घाई नाही. ज्याचा जो धंदा तोच त्याने देवापुढे मांडायचा, एवढेच त्या रिंगणाचे शास्त्र. धुणाऱ्याने धोतर आणायचे, राखणाऱ्याने मेंढरू. टिळकांनी ख्रिस्तापुढे काय मांडले याचा विचार करताना मला ही मेंढरे आठवतात. त्यांच्याजवळ होती ती मराठी. ती त्यांनी सगळीच्या सगळी आणली, अभंगासकट, कीर्तनासकट, ओवीसकट.

पण मराठीतही घरे आहेत, आणि बारामतीत राहणाऱ्याला ते विसरता येत नाही. कऱ्हेकाठच्या या गावात नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत राहिले आणि १७९४ साली इथेच गेले. आर्याभारत, शंभरावर रामायणे, आणि शेवटी केकावली. केकावली म्हणजे मोराने मेघाला मारलेली हाक. ती हाक खरी आहे यात शंका नाही. पण आर्त होऊन ओरडतानासुद्धा पंतांचे पृथ्वी वृत्त एका मात्रेने ढळत नाही. तो त्यांचा पिंड होता. तरुण टिळक याच घरातले. नाशकात गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकलेले, सभा गाजवणारे, उभ्या उभ्या श्लोक रचणारे. पुढे नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथांचे काम केले. पंडिताला आश्रयदाता मिळाला की आयुष्य मार्गी लागते, ही पंतांच्या काळची रीत १८९०च्या सुमारासही पुरती मोडलेली नव्हती. टिळकांनी तिथेच बस्तान बसवले असते तर मराठीला आणखी एक चांगला पंडित कवी मिळाला असता, आणि आज त्याच्यावर कोणी लेख लिहिला नसता.

राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या गोष्टीत आगगाडीचा भाग नाट्यमय आहे म्हणून तोच सांगितला जातो. मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती यानंतर काही वर्षांनी घडलेली गोष्ट. ख्रिस्ती झालेला हा संस्कृत पंडित हळूहळू वृत्ते बाजूला ठेवून अभंगाकडे गेला. धर्म बदलला १८९५ला. पंडिताचा वारकरी होणे त्यापुढे चालू राहिले. मोरोपंतांच्या घरातून निघून तुकोबांच्या अंगणात येण्याचा हा प्रवास टिळकांनी ख्रिस्ताचा हात धरून केला. उलट्या दिशेने सांगितली जाणारी गोष्ट, म्हणजे तुकोबांचा हात धरून ख्रिस्ताकडे, खरी आहेच. पण ती अर्धी आहे.

पुलाची ती उपमा मिशनरी जगात फार आवडली, आणि तिचा अर्थही त्या जगाने आपल्या सोयीने लावला. जे. एन. फार्कर यांचे ‘द क्राऊन ऑफ हिंदुइझम’ १९१३ साली निघाले. हिंदू धर्मातल्या उत्तम गोष्टींची पूर्तता ख्रिस्तात होते, असा त्याचा सूर. त्या हिशेबाने तुकाराम म्हणजे एक पायरी. चढून झाली की मागे पडणारी. यावर एखादा निमगाव केतकीचा वारकरी म्हणेल, “आमचे तुकोबा कोणाच्या माडीची पायरी नाहीत, महाराज. ते आम्हाला पंढरीला नेतात आणि आम्हाला पुढे कुठे जायचे नाही.” त्याचे म्हणणे बरोबर आहे. कोणत्याही संताला दुसऱ्या कोणाची पूर्वतयारी ठरवणे हा उद्धटपणाच.

पण टिळकांचे वागणे फार्करसाहेबांच्या सिद्धांताप्रमाणे नव्हते. त्यांच्या आधीच्या पिढीशी ताडून पाहा. काशीचे निळकंठशास्त्री गोऱ्हे ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाले आणि त्यांनी षड्दर्शनांचे खंडन लिहिले. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मधून विधवांचे हाल मांडले, आणि जुन्या धर्माशी त्यांचा वाद शेवटपर्यंत चालला. दोघेही मोठे, दोघेही प्रामाणिक. पण पलीकडे गेल्यावर पूल मोडून टाकावा अशी त्या काळच्या धर्मांतरिताकडून अपेक्षाच असे. टिळक त्या पुलावरून रोज ये-जा करत राहिले. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’च्या ठिकाणी ‘दास’ ही मुद्रा घातली. ख्रिस्ताला सद्गुरू म्हटले, माउली म्हटले. पुरुष देवाला आई म्हणायची सवय त्यांना युरोपच्या चर्चने लावलेली नव्हती, ती विठूमाउलीच्या मुलखातली. मिशनच्या उपासनेत बरीचशी गीते तेव्हा इंग्रजी चालींवर बसवलेली असत. मराठी शब्दांचे आघात त्या चालींत कुठल्या कुठे जात. टिळकांनी मंडळीच्या हातात टाळ दिले आणि स्वतः कीर्तनाला उभे राहिले.

मग तुकोबांनी त्यांना नेमके दिले काय? एकेश्वरवाद म्हणावा तर तो प्रार्थना समाजातही मिळत होता, आणि सभ्य पोशाखात मिळत होता. माझे उत्तर असे की तुकोबांकडून टिळकांना पाप बोलण्याची भाषा मिळाली. मराठी संतांत ज्ञानोबांचा स्वर कृतार्थतेचा आहे, एकनाथांचा समजूतदार गृहस्थाचा. स्वतःला उघडे करून, आपले दोष मोजून, देवाशी भांडून, पुन्हा त्याच्याच पायावर कोसळणारा माणूस म्हणजे तुकाराम. पश्चात्ताप हा शब्द धर्मोपदेशकाच्या तोंडी कोरडा होतो. तुकोबांच्या तोंडी त्याला घाम आणि आसवे असतात. ज्याने गाथा पाठ केली आहे त्याला क्षमेची गरज कोणी समजावून सांगावी लागत नाही. क्षमा करणारा कोण, एवढाच प्रश्न राहतो. टिळकांना त्याचे उत्तर क्रुसावर सापडले. फरक इथे आहे आणि तो झाकू नये. विठोबा कर कटेवर ठेवून उभा आहे, भक्ताची वाट पाहतो आहे. टिळकांचा देव एका ठरावीक राजवटीत, एका ठरावीक शुक्रवारी मारला जातो आणि मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. दोन्ही एकच असे म्हणणारे लोक सहिष्णु असतील, पण त्यांनी दोन्हींपैकी एकही नीट पाहिलेला नसतो.

आता दुष्काळ. याच्याशिवाय या भागातल्या कुठल्याही धर्माची गोष्ट पुरी होत नाही. आज बारामती म्हटले की ऊस डोळ्यांपुढे येतो. पण नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटले ते १८८५च्या सुमारास, १८७६-७७च्या दुष्काळाने होरपळून काढल्यानंतर. इंदापूरचा बराचसा भाग त्यानंतरही कोरडाच होता. उजनीचे पाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत अनाथ पोरी पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या. हे केडगाव चौफुल्याजवळच, पालखीच्या वाटेला लागून. रमाबाई पुराणिकाची मुलगी, संस्कृतची पंडिता, आणि पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणणारी विदुषी. याच काळानंतर बारामती, दौंड, श्रीगोंदा या पट्ट्यात ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्टच्या मिशनने काम सुरू केले. इकडच्या खेड्यांत जे ख्रिस्ती झाले ते मुख्यतः महार-मांग समाजांतले. त्यांच्याबद्दल गावात आजही एक वाक्य ठरलेले असते: पोटासाठी बाटले.

हे वाक्य म्हणणाऱ्यांनी तुकोबांचे चरित्र पुन्हा वाचावे. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे दुकान बुडाले, पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेले, गावात पत गेली. त्यानंतर ते भंडाऱ्याच्या डोंगरावर गेले. दिवाळे निघालेला वाणी दुष्काळात देवाकडे वळला तर ते वैराग्य. उपाशी महार दुष्काळात देवाकडे वळला तर ते पोट. असे का? मिशनकडे धान्य होते आणि तुकोबांच्या देवाकडे नव्हते, हा फरक मी मान्य करतो. धान्याबरोबर उपदेश देणाऱ्याने आपला हेतू तपासावा, हेही मान्य. पण घेणाऱ्याच्या मनात काय घडले ते त्याच्या हातातल्या भाकरीवरून ठरवण्याचा अधिकार ज्याचे कोठार भरलेले आहे त्याला कोणी दिला? भुकेने माणूस फक्त खोटेच बोलतो असे नाही.

टिळकांना हा आरोप लागू पडत नव्हता. त्यांनी मिळवल्यापेक्षा गमावले जास्त. पण इथेच त्यांच्यावरचा सर्वांत टोकदार आक्षेप उभा राहतो, आणि तो वारकऱ्याचा किंवा मिशनऱ्याचा नसून दलित ख्रिस्ती माणसाचा आहे. चित्पावन घरातल्या टिळकांना ख्रिस्ती होऊनही अभंग, कीर्तन, ओवी जपावीशी वाटली, कारण ते त्यांचे होते. ज्याला देवळाच्या पायरीपलीकडे जाता येत नव्हते त्याने काय जपायचे? चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर आहे. ते देऊळ दलितांना उघडले १९४७ साली, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. ज्याला इंग्रजी चालीचे गीत म्हणताना पहिल्यांदाच आपण गावकुसाबाहेरचे नाही असे वाटले, त्याच्या हातात पुन्हा टाळ देणारे टिळक त्याला परत गावातच नेऊन सोडत नव्हते का?

हा आक्षेप फेटाळता येत नाही. टिळकांनी त्याचे पुरते उत्तर दिले असेही मी म्हणणार नाही. एवढे मात्र दिसते की ज्या घरात त्यांनी हे टाळ आणले त्या घरात जात शिल्लक ठेवली नाही, आणि त्याची किंमत घरातच मोजली. पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून हे कळते. नवरा बाटल्यावर त्या काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरात गेला, म्हणजे ज्याच्या वाटेने नवरा निघून गेला त्याच विठोबाच्या गावात. १८६६च्या कायद्याप्रमाणे धर्मांतरिताला, जोडीदाराने धर्मांतरापायी सहा महिने नांदायला नकार दिला तर, कोर्टात जाऊन विवाह मोडून घेण्याची वाट होती. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाई परत आल्या तरी सोवळे घेऊनच आल्या. नवऱ्याच्या घरात वेगळे पाणी, वेगळी चूल. मग एक दिवस, कोणी वाद घालून हरवल्याशिवाय, जाती माणसांनी केल्या की देवाने हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या विश्वासाचा पुरावा मागणाऱ्याला मी आधी ही वर्षे दाखवीन, अभंग मागाहून. उतावळा, रागीट, हातातला पैसा टिकू न देणारा हा माणूस एका गोष्टीत मात्र धीर धरू शकला.

इंदापूरला आलो की मला आणखी एक माणूस आठवतो. हे गाव मालोजीराजांचे. त्यांची गढी इथे आहे आणि चाँदशाहवली बाबांचा दर्गाही आहे. मालोजींनी नगरच्या शाह शरीफांच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. त्यांनी गुरू मानले ते श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना, म्हणजे ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या मुसलमान संताला. शेख महंमदांनी मराठी ओवीत योग सांगितला, विठ्ठलाचे नाव घेतले, आणि नाव शेवटपर्यंत महंमदच राहिले. त्यांना कोणी विचारले नाही की आधी तुमची नोंद कोणत्या खात्यात करू. टिळकांना मात्र ते विचारले गेले, आणि एकदा नव्हे. मधल्या अडीचशे वर्षांत जनगणना आली, वारसाहक्काचे कायदे आले, पगारपत्रकावर माणसे ठेवणारी मिशने आली, आणि या सगळ्याला उत्तर म्हणून हिंदू समाजही आपली कुंपणे मोजू लागला. देव बदलणे ही खासगी गोष्ट राहिली नाही, ते रजिस्टरमधले स्थलांतर झाले. टिळकांच्याच वर्षी, १८६१ला, जन्मलेले बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय भगवी वस्त्रे नेसून कॅथलिक राहू पाहत होते; त्यांचेही चर्चशी जमले नाही. १९१०च्या एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरय्या यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना सांगितले की तुम्ही आम्हाला पुष्कळ दिलेत, आता मैत्री द्या. म्हणजे दुखणे एकट्या टिळकांचे नव्हते. त्यावर औषध मात्र त्यांनी आपले स्वतःचे काढले.

१९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशन सोडले. १९०४पासून दीक्षित पाळक, १९१२पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक, घरात मुलेमाणसे, आल्यागेल्याचा राबता (बालकवी ठोमरे याच घरात लहानाचे मोठे झाल्यासारखे वावरले) आणि वय पंचावन्नच्या पुढे. अशा वेळी पगार सोडून संन्यास घेणे याला व्यवहारात वेडेपणा म्हणतात. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून सारखी जागा होती. ज्याला ख्रिस्त हवा आहे त्याने त्यासाठी गाव, नाव, नातीगोती सोडलीच पाहिजेत का, याचे टिळकांचे उत्तर तिथे ‘नाही’ असे होते. स्वतः ते सगळे सोडून बसलेल्या माणसाने दिलेले हे उत्तर आहे, म्हणून त्याला वजन आहे. ९ मे १९१९ला ते वारले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. एका माणसाच्या ओढीवर उभ्या राहिलेल्या संस्था अशाच मोडतात. त्याचे फार कौतुक करू नये, आणि हसूही नये.

कारण तो प्रश्न अजून आमच्या तहसील कचेरीच्या खिडकीशी उभा आहे. १९५०च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये जाणारा, पोराच्या दाखल्यावर मात्र जुनाच जात-धर्म ठेवणारा बाप खेड्यापाड्यांत भेटतो. त्याला लबाड म्हणणे सोपे आहे. टिळकांच्या दरबारात त्याला बसायला जागा मिळाली असती. आमच्या कायद्यात त्याला खोटे बोलल्याशिवाय उभे राहता येत नाही. टिळकांच्या मनातला ‘बाप्तिस्मा न घेतलेला शिष्य’ स्वेच्छेने तसा राहणार होता, याला परिस्थितीने तसे ठेवले आहे. हा फरक मोठा आहे आणि तो टिळकांच्या योजनेतली उणीवही दाखवतो: विश्वासाला कुंपण नको हे त्यांनी ओळखले, पण कुंपणाच्या कोणत्या बाजूला भाकरी ठेवलेली आहे याचा हिशेब त्यांनी केला नाही. तो हिशेब करणारा माणूस पुढे येवल्याच्या सभेत १९३५ साली बोलला.

तरीही माझा कौल टिळकांच्या बाजूने आहे. धर्मांतर केलेल्या माणसाने मागच्या घराला शिव्या दिल्याच पाहिजेत असे नाही, आणि पुढच्या घराची भाडेपावती गळ्यात अडकवून हिंडलेच पाहिजे असेही नाही, हे त्यांनी जगून दाखवले. मराठीचे प्राध्यापक त्यांच्या फुलांच्या कविता शिकवतात त्याच तासाला ‘अभंगांजली’ का शिकवत नाहीत? धर्माचे काही निघाले की वर्गात अडचण होते, हे उत्तर चालणार नाही. तुकाराम शिकवताना ती होत नाही. आणि मंडळ्यांच्या पाळकांना विनंती अशी की गीतांच्या वहीबरोबर १९१७ सालही वाचून दाखवावे. बारामती-इंदापूरच्या वाचनालयांत गाथा असते, मोरोपंतही असतात. त्यांच्या शेजारी ‘ख्रिस्तायन’ ठेवा. ते टिळकांच्या हातून अपुरे राहिले, आणि बहुतेक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचे तोंडही पाहायला मिळाले नव्हते.